पजेरोचे लुकलुकणारे दिवे आणि साडेआठ रियालचा व्हॅक्यूम पंप

जुनी पजेरो असेल, ४एच (चारही चाकांना ताकद) टाकल्यावर मीटरमधले पुढच्या चाकांचे दोन हिरवे दिवे लुकलुकतच राहत असतील आणि गॅरेजमध्ये ‘ट्रान्सफर केसची मोटर गेली’ (ट्रान्सफर केस म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांकडे ताकद वाटणारी पेटी) असं सांगितलं असेल, तर मोटरीचे पैसे मोजण्याआधी हाताने दाबायचा एक व्हॅक्यूम पंप विकत घ्या. मी मस्कतला वादी कबीरमधल्या हत्यारांच्या दुकानातून साडेआठ रियालला घेतला. त्यावर कुठल्या नावाजलेल्या कंपनीचा छाप नाही, निळ्या प्लॅस्टिकच्या डब्यात येतो आणि त्यात उणिवा आहेत, त्या पुढे सांगते. पण माझ्या गाडीचं नेमकं दुखणं त्यानेच दाखवलं आणि मोटर जिथल्या तिथे राहिली.

गाडी २००५ ची, ३.५ लिटर व्ही-सिक्स पेट्रोल, ऑटोमॅटिक. तिसऱ्या पिढीची पजेरो. आखातात अशा गाड्या अजून ढिगाने पळतात आणि मी माझी विकणार नाही. मी इथल्या शाळेत भौतिकशास्त्र शिकवते, रोजचं अंतर फार नाही, पण सुट्टी मिळाली की आम्ही डोंगरात जातो. वादी बनी औफचा कच्चा रस्ता, बिदियाच्या पलीकडची वाळू, आणि सगळ्यात जास्त जबल अखदर. जबल अखदरला बिरकत अल मौजच्या पोलीस चौकीवरून फक्त फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीच वर सोडतात. रस्ता उत्तम डांबरी आहे, पण उतार इतका लांब आणि तीव्र आहे की ब्रेक तापून निकामी होतात, म्हणून हा नियम. चौकीवर गाडी फोर-व्हील-ड्राइव्ह आहे का ते बघतात. ती चालते का, हे आपणच बघायचं असतं. एप्रिलमध्ये सासूबाई चिपळूणहून येणार होत्या, त्यांना गुलाबाच्या हंगामात वरची गावं दाखवायची होती, आणि माझे दिवे लुकलुकत होते.

आता हे दिवे काय सांगतात ते नीट समजून घ्यायला हवं, कारण निम्मं निदान तिथेच होतं. पजेरोत मीटरमध्ये गाडीचं छोटं चित्र असतं: पुढे दोन चाकं, मागे दोन, मध्ये एक केशरी खूण. २एचमध्ये फक्त मागची दोन हिरवी. ४एचमध्ये चारही. ४एचएलसी म्हणजे मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) लॉक, तेव्हा मधली केशरी खूणही लागते. ४एलएलसी म्हणजे लॉक अधिक लो गिअर. या पद्धतीला सुपर सिलेक्ट म्हणतात. १९९१ च्या पजेरोपासून ती आली. तिचं मोल हे की ४एचमध्ये मधला डिफरन्शियल मोकळा असतो, त्यामुळे कोरड्या डांबरी रस्त्यावरही चारही चाकांना ताकद देऊन चालवता येते. बऱ्याच जुन्या जीपसारख्या गाड्यांत हे चालत नाही, कारण पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधलेले असतात, वळणावर टायर घासतात आणि गिअरबॉक्सवर ताण येतो. पजेरोतसुद्धा ४एचएलसी कोरड्या डांबरावर टाकायचं नाही, याच कारणासाठी.

२एचमधून ४एचमध्ये जाताना दोन वेगवेगळ्या गोष्टी घडतात. पहिली, ट्रान्सफर केसवरची विजेची मोटर आतला गिअर सरकवते आणि पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला ताकद मिळते. दुसरी, पुढच्या डिफरन्शियलच्या एका बाजूला अॅक्सलचा शाफ्ट दोन तुकड्यांत असतो, त्यांना जोडणारी दातेरी बाही सरकून बसते. याला फ्रीव्हील क्लच म्हणतात. २एचमध्ये तो सुटलेला असतो म्हणून पुढचा प्रोपेलर शाफ्ट उगाच फिरत नाही, पेट्रोल वाचतं. ही बाही मोटर सरकवत नाही. ती व्हॅक्यूमने सरकते. इंजिनाच्या इनटेक मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्यातून) एक बारीक नळी निघते, मध्ये एक चेक व्हॉल्व्ह, म्हणजे हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, मग बॉनेटखाली दोन सोलेनॉइड, म्हणजे विजेने उघडणाऱ्या झडपा, तिथून दोन नळ्या खाली उतरून पुढच्या अॅक्सलवरच्या डबीला, म्हणजे अॅक्च्युएटरला. डबीत रबरी पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कप्पे. एका कप्प्यात व्हॅक्यूम आला की बाही जोडली जाते, दुसऱ्यात आला की सुटते. जोडली गेली की तिथलं एक छोटं स्विच कंट्रोलरला कळवतं आणि लुकलुकणारे दिवे स्थिर होतात.

म्हणजे पुढचे दोन दिवे लुकलुकत राहिले तर कंट्रोलर एवढंच म्हणतोय की ‘मी बाहीला जायला सांगितलं, ती पोचल्याची खबर आली नाही.’ त्याला मोटरीबद्दल तक्रार असती तर ती सहसा मधल्या केशरी दिव्यावर दिसली असती. माझ्याकडे ४एचएलसी केलं की मधला केशरी दिवा शांतपणे लागत होता आणि सुटतही होता. मोटर आपलं काम करत होती.

हे मी गॅरेजमध्ये सांगितलं. दोन ठिकाणी सांगितलं. पहिल्या ठिकाणी स्कॅनर लावला, काही दिसलं नाही, तरी ‘मॅडम, मोटर गया, नया लगाना पडेगा’ आणि १८० रियालचा आकडा. दुसऱ्या ठिकाणी मोटर जुनी, वापरलेली घालून देतो म्हणाले, आकडा निम्मा. दोन्हीकडे कुणी गाडीखाली वाकलं नाही. मला याचा राग आला, आणि अजून आहे. वीस वर्षांच्या गाडीच्या मालकाला महाग पार्ट सांगणं सोपं असतं, कारण त्याला काहीही जुनं झालंय म्हटलं की पटतं. स्कॅनरबद्दल एक सांगते: मोबाइलला जोडायचे जे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर मिळतात ते इंजिनाचे कोड वाचतात. फोर-व्हील-ड्राइव्हचा कंट्रोलर वेगळा असतो, तो त्यांच्या आवाक्याबाहेर. त्यावर ‘नो फॉल्ट’ आलं म्हणजे फोर-व्हील-ड्राइव्ह ठीक आहे असं नाही आणि मोटर खराब आहे असं तर मुळीच नाही.

माझे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. गाड्यांच्या हवेच्या ब्रेकची गळती ते साबणाच्या पाण्याने शोधायचे. सांध्यावर फेस लावायचा, बुडबुडा आला की सापडलं. मला ते लहानपणापासून पाठ. पण व्हॅक्यूमच्या नळीला हा उपाय चालत नाही. तिथे हवा बाहेर येत नाही, आत जाते. फेस आत ओढला जातो आणि वर काहीच दिसत नाही. नळीला चीर कितीही असो, बाहेरून ती साबूत दिसू शकते. म्हणून हा पंप लागतो: नळीचा एक तुकडा वेगळा करायचा, त्यात आपणच व्हॅक्यूम तयार करायचा आणि काटा जागेवर राहतो का ते बघायचं.

पंपाबद्दल. पिस्तुलासारखी मूठ, ट्रिगर दाबला की हवा ओढली जाते, वर गोल डायल. डायलवर बाहेरच्या वर्तुळात पाऱ्याचे इंच, ० ते ३०, आतल्या वर्तुळात बार. मला पाऱ्याचे इंच आवडतात, दहावीच्या मुलांना टॉरिचेलीची हवेचा दाब मोजणारी पाऱ्याची नळी शिकवताना जे डोळ्यांपुढे असतं तेच इथे काट्यावर दिसतं. समुद्रसपाटीला हवेचा दाब २९.९२ इंच, म्हणजे याहून जास्त व्हॅक्यूम काढणं कुणालाच शक्य नाही. हा पंप २४-२५ पर्यंत आरामात जातो आणि आपल्याला तेवढं लागतही नाही. मुठीजवळ सोडायची छोटी कळ आहे, ती दाबली की हवा परत आत येते. डब्यात दोन पारदर्शक नळ्या, पाच-सहा प्लॅस्टिकचे जोड, रबरी टोप्या आणि ब्रेक ऑइल काढण्यासाठी एक छोटी बाटली. बाटली मी अजून वापरलेली नाही.

घरी आणल्यावर मी आधी पंपच तपासला. तोंडावर बोट घट्ट दाबून २० इंचांपर्यंत नेला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटांत काटा जेमतेम अर्धा इंच उतरला. चांगलं आहे. मग शाळेच्या प्रयोगशाळेतल्या गेजशी टी-जोड लावून ताडून पाहिला. आमचा गेज जुना पण भरवशाचा. हा पंप सगळीकडे साधारण एक इंच जास्त दाखवतो. निदानाला यामुळे फरक पडत नाही, कारण आपल्याला नेमका आकडा नको असतो, काटा थांबतो की घसरतो ते हवं असतं. पण शून्याजवळ काटा जरा अडकतो, टिचकी मारावी लागते, आणि हे मला खटकतं. दोन-तीन इंचांची बारीक मोजणी करायची असेल तर हा पंप त्या कामाचा नाही.

आता गाडी. सपाट जागा, ‘पी’मध्ये, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. खाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाही, घोड्या (गाडी टेकवायचे लोखंडी स्टँड) लावूनच. सकाळी लवकर केलं, इंजिन थंड असताना, कारण नळ्या एक्झॉस्टच्या अगदी जवळून जातात. इंजिन फक्त लागलं तेवढ्यापुरतं थोडा वेळ चालवलं आणि तेव्हा कुणी गाडीखाली नव्हतं.

पहिली तपासणी वरून होते. सोलेनॉइडला येणारी नळी काढली, पंपाचा डायल लावला आणि नवऱ्याला गाडी सुरू करायला सांगितली. आयडलिंगला काटा १८ वर जाऊन स्थिर. निरोगी पेट्रोल इंजिनाला हे बरोबर आहे. इंजिन बंद केलं तरी काटा तिथेच रेंगाळला, म्हणजे चेक व्हॉल्व्ह धरून ठेवतोय. पुरवठा ठीक.

दुसरी, कानाने. चावी ऑन, इंजिन बंद, लीव्हर २एच ते ४एच. बॉनेटखाली टिक-टिक ऐकू आली. दोन्ही सोलेनॉइड उघडत होते. मल्टिमीटरने दोन्हींच्या कॉइलचा रेझिस्टन्स जवळपास सारखा आला. एकाच्या श्वासाच्या तोंडावरची इवलीशी जाळी मात्र धुळीने पार बुजलेली होती. ही जाळी बाहेरची हवा आत घेते. ती बुजली की जुना व्हॅक्यूम सुटत नाही आणि पडदा अडकून बसतो. वाळवंटात फिरणाऱ्या गाडीला हे होणारच. हलक्या ब्रशने साफ केली. दिवे तरीही लुकलुकत होते.

तिसरी तपासणी म्हणजे या पंपाचे सगळे पैसे वसूल. सोलेनॉइडवरून खाली जाणारी, बाही जोडणारी नळी वरच्या टोकाला काढली आणि तिच्यात पंप लावला. ट्रिगर दाबला. काटा चार, पाच, सहा. जोरजोरात दाबलं तर सात. थांबले की दोन श्वासांत शून्य. दुसरी, बाही सोडणारी नळी घेतली: काही झटक्यांत १६ आणि काटा ढिम्म. म्हणजे एका बाजूला गळती आहे, दुसरीकडे नाही. हीच गोष्ट गाडी रोज सांगत होती: ४एचमध्ये जाताना तक्रार, २एचमध्ये परत येताना काहीच नाही. मोटर बिघडली असती तर तक्रार दोन्हीकडे असती.

पण गळती नळीत की डबीच्या पडद्यात? पडदा फाटला असेल तर अॅक्च्युएटर बदलावा लागतो, तो स्वस्त नाही. मग पंप घेऊन गाडीखाली. खालची स्किड प्लेट, म्हणजे संरक्षक पत्रा, काढली, डबीवरून तीच नळी सोडवली आणि पंप थेट डबीच्या तोंडाला लावला. काटा १६ वर गेला आणि थांबला. मी मिनिटभर त्याच्याकडे बघत पडून राहिले, तो हलला नाही. पडदा शाबूत. उरली ती फक्त नळी.

तरीही एक गोष्ट राहिली होती, स्विचची. डबीत पंपाने १६ इंच धरून ठेवला, बाहेर आले, नवऱ्याला चावी ऑन करून ४एच टाकायला सांगितलं. दिवे लुकलुकले. दाते समोरासमोर आले नसतील तर बाही बसत नाही, म्हणून पुढचं उचललेलं एक चाक हाताने थोडं फिरवलं. खालून ‘टक्’ असा स्पष्ट, धातूचा आवाज आला आणि आतून नवरा ओरडला, “थांबले गं! चारही लागले!” इंजिन बंद, मॅनिफोल्डचा व्हॅक्यूम नाही, आणि माझ्या मुठीतल्या पंपाच्या जोरावर गाडीने फोर-व्हील-ड्राइव्ह जोडलं होतं. बाही ठीक, स्विच ठीक, कंट्रोलर ठीक, मोटर ठीक. एका फटक्यात सगळ्यांना निर्दोष ठरवणारी याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही.

चीर कुठे होती ते सांगते, कारण तुमचीही तिथेच असण्याची शक्यता आहे. वरून खाली येताना ही वाट बरीचशी लोखंडी पाइपची आहे आणि दोन्ही टोकांना रबराचे तुकडे. खालचा तुकडा लोखंडी पाइपवर जिथे चढवलेला असतो तिथे क्लिप असते. क्लिपच्या कडेला, खालच्या अंगाला, नखाएवढी उभी चीर. वरून बघितलं तर रबर काळं, चकचकीत, नव्यासारखं. अंगठ्याने वाकवलं तेव्हा ती उघडली आणि आतला राखाडी रंग दिसला. यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष नाही. मस्कतचा उन्हाळा ४५ अंशांच्या पुढे जातो, शेजारून एक्झॉस्ट जातो, आणि रबर वीस वर्षांचं आहे. अशा चिरेतून व्हॅक्यूम ओढणं म्हणजे भोक पडलेल्या स्ट्रॉने उसाचा रस ओढणं, गाल दुखतात आणि रस येत नाही.

चार मिलिमीटर आतल्या व्यासाची सिलिकॉनची नळी दोन मीटर आणली, दीड रियाल. दोन्ही नळ्यांचे चारही रबरी तुकडे बदलले, फक्त फाटलेला नाही, कारण बाकीचे तीन त्याच वयाचे. सिलिकॉन उष्णता चांगली सोसतं. पण पेट्रोल आणि तेल त्याला चालत नाही, त्यामुळे इंधनाच्या नळीच्या जागी ते कधीही लावू नका. भिंत जाड असलेलीच घ्या. पातळ नळी व्हॅक्यूमने चपटी होते आणि मग नवी नळी घालूनही दिवे लुकलुकत राहतात. दुकानात तोंडाने ओढून बघा, चपटी झाली तर परत द्या.

किती इंच पुरेसे, असा प्रश्न मला शाळेतल्या एका सहकारी सरांनी विचारला. हिशोब करून बघा. समजा पडदा ६ सेंटिमीटर व्यासाचा आहे, म्हणजे क्षेत्रफळ २८ चौरस सेंटिमीटर. १८ इंच म्हणजे साधारण ६१ किलोपास्कल. गुणाकार केला की साधारण १७१ न्यूटन, म्हणजे सुमारे साडेसतरा किलोच्या वजनाएवढी ओढ. ६ इंचांवर ती सहा किलोच्याही खाली येते. बाहीला दाते, ग्रीस आणि स्प्रिंग यांच्याविरुद्ध सरकायचं असतं. माझ्या फाटक्या नळीत सहाच इंच तयार होत होते, म्हणून ती अर्ध्यावर थांबत होती.

आणि याच हिशोबामुळे जबल अखदरला जाणाऱ्यांनी नळ्यांकडे जास्त लक्ष द्यावं असं मला मनापासून वाटतं. जबल अखदरवरचं सैकचं पठार सुमारे २००० मीटरवर आहे. तिथे हवेचाच दाब साडेतेवीस इंचांच्या आसपास असतो, म्हणजे आयडलिंगचा व्हॅक्यूमही सहाएक इंचांनी उतरतो. वरून चढाला अॅक्सिलरेटर पूर्ण दाबला की पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम जवळपास उरतच नाही, त्या वेळी चेक व्हॉल्व्हच्या मागे साठलेल्या व्हॅक्यूमवर सगळं चालतं. किंचित गळणारी नळी मस्कतमध्ये कदाचित दगा देणार नाही, डोंगरात देईल. म्हणून ४एच पायथ्याशीच, बिरकत अल मौजला टाका, थोडं सरळ चालवा, चारही दिवे स्थिर झालेले बघा आणि मग चढा. गाडी चालू असताना ४एच टाकता येतं, पुस्तकात १०० किलोमीटर वेगापर्यंत मुभा दिलेली आहे, पण मी कमी वेगात आणि सरळ रस्त्यावरच टाकते. दिवे काही सेकंद लुकलुकणं हे नेहमीचंच आहे, त्याला घाबरू नये. थांबलेच नाहीत तर मात्र बघायला हवं. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे किंवा फार वेगळ्या झिजेचे असतील तरी जोडणी कुरकुरते, ते आधी बघून घ्या, ते फुकट आहे.

सासूबाईंना घेऊन आम्ही वर गेलो. अल ऐन आणि अल अकरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत गुलाब होते, एका घरात मातीच्या भट्टीवर गुलाबपाणी काढत होते, त्याला धुराचा वास असतो आणि तोच तिथल्या गुलाबपाण्याचा खरा गुण. उतरताना ४एच, खालचा गिअर, ब्रेकला अगदी थोडा हात.

पंपाच्या उणिवा. प्लॅस्टिकचे जोड कडक आहेत, पजेरोच्या बारीक नळीत जायला त्यातला एकच जमतो, बाकीचे सैल बसतात आणि तिथूनच हवा घेतात. सैल जोडामुळे काटा पडला तर चांगल्या नळीवर उगाच आळ येईल, म्हणून प्रत्येक वेळी जोड लावल्यावर दुसरं टोक बोटाने बंद करून आधी तेवढंच तपासा. सोबतची पारदर्शक नळी उन्हात मऊ पडते, दुपारी गाडीत ठेवली तर वाकडीच होते. मी ती काढून उरलेल्या सिलिकॉनची घातली आणि पंप दुप्पट चांगला वाटायला लागला. ट्रिगरचा स्प्रिंग ताठ आहे, लहान हातांना थकवा येतो. मराठीत किंवा हिंदीत सोडा, इंग्रजीतसुद्धा धड माहितीपत्रक नाही. पितळी अंगाचे, नावाजलेल्या कंपन्यांचे पंप तिपटीहून महाग मिळतात, त्यांचा काटा जास्त सुबक चालतो. गॅरेज चालवत असाल तर तो घ्या. घरच्या एका-दोन गाड्यांसाठी हा पुरे.

भारतातल्या वाचकांसाठी एक फरक. तिकडे हिंदुस्तान मोटर्समार्फत विकल्या गेलेल्या पजेरो स्पोर्टसारख्या गाड्या डिझेलच्या. डिझेल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये कामापुरता व्हॅक्यूम नसतो, म्हणून इंजिनावर फिरणारा वेगळा व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेकच्या बूस्टरलाही (पेडल हलकं करणाऱ्या डब्याला) तोच व्हॅक्यूम पुरवतो. तिथे पुरवठ्याचं रीडिंग पंचविशीच्या आसपास यायला हवं, अठरा आले तर समाधान मानू नका. आणि दिवे लुकलुकण्याबरोबर ब्रेकचं पेडलही जड वाटत असेल तर फोर-व्हील-ड्राइव्ह बाजूला ठेवून आधी ब्रेक बघा, त्याच दिवशी. सह्याद्रीच्या घाटात ते परवडणारं नाही.

ज्यांना गाडीखाली जायचं नाही त्यांनीही पंप घ्यावा असं मी म्हणणार नाही. त्यांनी मेकॅनिकला फक्त एवढं विचारावं: पुढच्या अॅक्सलच्या व्हॅक्यूमचं रीडिंग किती आलं? आकडा सांगता आला तर त्याच्याकडे गाडी ठेवा. नाही आला तर दुसरीकडे न्या. आकडा सांगणारे आहेत. मस्कतच्या घला भागात एका छोट्या गॅरेजमधले मलयाळी मेकॅनिक मला नंतर भेटले, तेलकट फडक्यात गुंडाळलेला त्यांचा पंप माझ्या पंपापेक्षा कितीतरी जुना होता.

विकत घेताना डबा उघडून घ्या. तोंडावर बोट ठेवून २० पर्यंत न्या, दुकानदाराशी दोन गोष्टी बोला आणि परत काट्याकडे बघा. इंचभराहून जास्त उतरला असेल तर दुसरा डबा मागा. माझ्या दुकानदाराने न कुरकुरता दोन-तीन डबे उघडून दाखवले, त्यातला एक खरोखर गळत होता.